मागची खोली तुझ्या ताब्यात

१

नेवासा सोडून शेवगावच्या रस्त्याला लागलं की उसाच्या फडांमध्ये एक लांबुडकी बैठी इमारत दिसते. फाटकावर ‘सोबत सेवासदन’ अशी पाटी आहे. आजूबाजूचे लोक मात्र तिला म्हाताऱ्यांचं बोर्डिंग म्हणतात. पुढच्या खोल्यांत चालती-बोलती माणसं. ती पत्ते खेळतात, आमटीत मीठ कमी म्हणून भांडतात, दिवाळीला येतो म्हणालेल्या मुलांची वाट पाहतात. मागच्या खोलीत यातलं काही नाही. मागची खोली अंथरुणाला खिळलेल्यांची.

खोली बोळासारखी अरुंद. म्हणून खाटा दोन्ही भिंतींना लांबीनं लावलेल्या, एकापुढे एक, आणि मध्ये एका माणसापुरती वाट. कृपा सिस्टरच्या आयुष्यातली उमेदीची वर्षं त्या वाटेवर येरझारा घालण्यात गेली होती. तिच्या डाव्या चपलेचा पट्टा सैल होता, त्यामुळे ती आली की फट्‌-फट्‌ असा आवाज यायचा आणि म्हातारी माणसं हातपाय सैल सोडायची. कूस बदलायची वेळ झाली, हे त्यांना त्या आवाजावरून कळायचं.

कारण मागच्या खोलीतलं खरं काम म्हणजे कूस बदलणं. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की कातडी आधी लाल होते, मग फाटते, मग आत हाडापर्यंत खड्डा पडतो. औषधं, मलमं नंतरची, आधी कूस. दर दोन तासांनी प्रत्येकाचा गुडघा वाकवायचा, एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि भिंतीकडचा वाटेकडे, वाटेकडचा भिंतीकडे. पाठीशी जुन्या लुगड्याची वळकटी. बाकीच्या सिस्टर वळकटीला नाडी बांधतात. नाडीची गाठ पाठीला टोचते. कृपा गाठ मारत नसे. कडब्याची पेंढी बांधतात तसा पिळा देऊन ती टोक आत खोचायची. लहानपणी आईबरोबर ज्वारी काढायला जायची, तेव्हा आईनं तिला हे शिकवलं होतं. नर्सिंगच्या शाळेत असलं काही शिकवत नाहीत.

ज्योती सिस्टर होती तोवर निभत होतं. पाळी संपली की एकीनं दारात उभं राहून म्हणायचं, “मागची खोली तुझ्या ताब्यात,” आणि दुसरीनं म्हणायचं, “घेतली.” ‘घेतली’ ऐकल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा दोघींचा शिरस्ता. पुढे ज्योती पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेली आणि तिच्या जागी कुणी आलंच नाही. हाताखाली उरली एक राहीबाई, तीही कमरेनं अधू. कृपाचे नाकी नऊ आले. पण सवय मोठी चिवट असते. दुपारी जेवायला निघताना ती दारात थांबायची आणि मधल्या रिकाम्या वाटेला सांगायची, “मागची खोली तुझ्या ताब्यात.” मग स्वतःशीच हसायची आणि जायची.

२

उन्हाळा नुकताच लागला होता. एका दुपारी ती जेवून परतली, तर मागच्या खोलीतली सगळी माणसं भिंतीकडे तोंड करून निजलेली.

जाताना तिनं त्यांना वाटेकडे वळवलं होतं. निदान तिला तसं वाटत होतं. चादरी ताणलेल्या, लंगोट बदललेले, वळकट्या पाठीशी नीट बसवलेल्या. तिनं आक्काबाईची वळकटी उपसून पाहिली. आक्काबाई बोलायची कधीच थांबली होती, नुसती बघायची. वळकटीला गाठ नव्हती. पिळा होता, आणि टोक आत.

“राहीबाई, तुम्ही केलंत का हे?”

राहीबाई मोरीत चादरी चुबकत होती. “मी? सिस्टरबाई, माज्या कंबरंत कुटं बळ हाय? मला आक्काबाईचा पाय उचलना झालाय.”

दाराजवळच्या खाटेवर श्रीमंत आण्णा असायचे. जामखेडकडचा गडी, कुस्तीत अंग कमावलेलं. आता अर्धं अंग गेलेलं, जीभ तेवढी शाबूत. कृपानं वाकून विचारलं, “आण्णा, कोण आलं होतं हो?”

“तुमीच की,” आण्णा भिंतीला म्हणाले. “हात तुमचंच. मला न कळाया काय झालं?”

“मी काही बोलले का?”

“न्हाई. आताशा तुमी कुटं बोलता?”

कृपानं मनाशी हिशेब लावला. आदल्या आठवड्यात तिनं एकाच चहात दोनदा साखर घातली होती. रविवारी उपासनेला जायचं म्हणून पातळ नेसली आणि सोमवार आहे हे फाटकापाशी कळलं. इतकी थकलेली बाई जेवायला जाता जाता एक फेरी मारून विसरूही शकते. पटण्यासारखं होतं, आणि तिनं ते पटवून घेतलं.

३

पण दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्याही. ती पाणी प्यायला दहा पावलं बाहेर गेली तरी परत येईपर्यंत सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. वाटेकडे एकही चेहरा नाही. फक्त पाठी, दोन्ही बाजूंना, आणि मध्ये मोकळी वाट.

तिला भीती वाटली का? वाटली. पण त्याआधी तिला बरं वाटलं, आणि ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. बऱ्याचदा ती त्यांना परत वाटेकडे वळवेनाशी झाली आणि तिचे खांदे उतरले. रात्री हात ठणकायचे थांबले. ती म्हाताऱ्यांच्या पाठी तपासायची. एकीचीही कातडी लाल नव्हती. एकाच कुशीवर एवढा वेळ पडूनही नव्हती. असं होत नाही, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून ती पुढच्या खाटेकडे जायची.

मग एका दुपारी तिनं पाहिलं. चहाचा कप घेऊन ती व्हरांड्यात उभी होती. मागच्या खोलीच्या खिडकीला डासांची जाळी, त्यामुळे आतलं धूसर दिसतं. आक्काबाईच्या खाटेवर कुणीतरी वाकलं होतं. पांढरा एप्रन. पाठ तेवढी दिसत होती, खाली वाकलेली, अंमळ डावीकडे कललेली. खांद्याची शिवण उसवली होती आणि ती निळ्या दोऱ्यानं टाचली होती.

कृपाचा हात आपल्या खांद्याकडे गेला. पांढरा दोरा संपला म्हणून तिनं शिवण निळ्या दोऱ्यानं टाचली होती, त्याला महिना झाला होता.

हाक मारावी, दोन पावलं चालून दारात जावं, एवढंच करायचं होतं. पण हाक मारली आणि ती निघून गेली तर? उरलेल्या खाटांवरची माणसं कोण वळवणार? आक्काबाई तर मेल्यासारखी जड. कृपानं तोंड फिरवलं, उसाकडे पाहत उभी राहिली आणि चहा संपवला. कित्येक महिन्यांत तिनं चहा गरम असताना प्यायला नव्हता.

४

सेवासदनाचे व्यवस्थापक रंगनाथ सर. माणूस गोड, पण मागच्या खोलीत पाऊल टाकत नसे. तिथल्या वासानं त्यांना मळमळायचं. सगळा कारभार ऑफिसातल्या पंख्याखालून, उंटावरून शेळ्या हाकल्यासारखा.

“सिस्टर, कमाल आहे तुमची,” ते म्हणाले. “डॉक्टर येऊन गेले, एकालाही जखम नाही म्हणाले. मी ट्रस्टींना सांगितलं, आपल्याला दुसरी नर्स लागतच नाही. कृपा सिस्टर एकट्या दोघींना भारी!”

कृपा सुट्टी मागायला आली होती. आदल्या संध्याकाळी सुप्याहून जस्टिनचा फोन आला होता. जस्टिन तिचा धाकटा भाऊ. तो आणि त्याची बायको दोघंही एमआयडीसीत कामाला; दारं ओढून जातात ते दिवे लागल्यावर येतात. आणि घरात आई, वर्षभर अंथरुणाला खिळलेली.

“ताई, आईच्या पाठीला लाल झालं होतं ना, ते फुटलं गं,” जस्टिन म्हणाला होता. “वास येतोय. आम्ही काय करू, सांग. कामावर नाही गेलो तर काढून टाकतील.”

“तिला वळवत जा रे.”

“सकाळी वळवतो, संध्याकाळी वळवतो. मधे कोण वळवणार?”

मधे कोण. परक्यांच्या आयांना दोन-दोन तासांनी वळवणाऱ्या बाईची आई एका कुशीवर सडत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आईला इथंच आणावं म्हणून तिनं मागे अर्ज केला होता. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना घ्यायचं नाही असा नियम निघाला.

“सर, चार दिवस द्या. आईला बघून येते.”

“द्यायला काय, आनंदानं देईन हो,” रंगनाथ सर हात चोळत म्हणाले. “पण मागची खोली कुणाच्या ताब्यात देऊ? तुम्हीच सांगा.”

कृपा मागच्या खोलीकडे परतली.

५

त्या दुपारी ती दारात उभी राहिली. आत दोन्ही बाजूंना पाठी. पंखा कुरकुरत होता.

“मागची खोली तुझ्या ताब्यात,” ती म्हणाली. नेहमीसारखी निघाली नाही. जिभेवर आलेलं तिनं दोनदा गिळलं, आणि तिसऱ्यांदा बोलून टाकलं. “आणि सुप्याला माझी आई आहे. तीही.”

पंखा फिरत राहिला. आणि मग, मधल्या वाटेवरून, जिथं कुणी नव्हतं तिथून, थकलेल्या, घोगऱ्या, रोज स्वतःच्याच गळ्यातून ऐकलेल्या आवाजात उत्तर आलं.

“घेतली.”

कृपा जेवणघरात गेली. तिनं भाकरी खाल्ली, आमटी प्याली, आणि ताटावर वाकून रडली. राहीबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. “आई लई आजारी हाय का, सिस्टरबाई?”

“नाही,” कृपा म्हणाली. “आता बरी होईल.”

आठवडाही गेला नसेल, जस्टिनचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. “ताई, जखम वाळायला लागली! आई म्हणते, तू रोज दुपारी येतेस. अगं, सांगायचं तरी. आमच्यासाठी थांबायचं तरी. चहा तरी घेतला असतास.”

“घाई असते रे,” कृपा म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आईला कोण वळवतं, हे कळत होतं. आईची वेणी कोण घालतं? आई दुपारी गीत गुणगुणते, ते कोण ऐकतं? आई मायेनं कुणाच्या गालावरून हात फिरवते? म्हाताऱ्यांना वळवणं हे काम होतं. काम कुणी घेतलं तर बाईला बरंच वाटतं. आई हे काम नव्हतं, आणि तिनं तिलाही त्याच वाक्यात देऊन टाकलं होतं.

६

ती तडक मागच्या खोलीत गेली. “परत दे,” ती वाटेवर उभी राहून म्हणाली. “खोली ठेव. आई परत दे.”

उत्तर आलं नाही. ताबा मागून मिळत नसतो. देणाऱ्यानं द्यावा लागतो. हा शिरस्ता तिनं आणि ज्योतीनंच घातलेला.

श्रीमंत आण्णा भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होते. एवढा थोराड गडी, पोरासारखा रडत होता. कृपानं त्यांचा गुडघा वाकवला, खांद्याला धरलं आणि वाटेकडे वळवलं.

“काय झालं आण्णा?”

“ती जात न्हाई,” आण्णा म्हणाले. “वळवती, नीट करती, काय उनं न्हाई तिचं. पन मग मागंच उबी ऱ्हाती. आमी सगळं भिताडाकडं, अन्‌ ती मदी उबी. जातच न्हाई वो.” मग त्यांनी डोळे पुसले आणि कृपाकडे निरखून पाहिलं. “तुमी कोन? नव्या सिस्टर व्हय?”

“आण्णा, मी कृपा.”

आण्णांनी मान हलवली, समजूत घातल्यासारखी. “कृपा सिस्टर आता मागं उबी हुती की,” ते म्हणाले.

पक्षाघाताच्या रोग्याला असं होतं. माणसं ओळखता येत नाहीत, आज आठवलेलं उद्या जातं. कृपाला हे शिकवलेलं होतं. तिनं ते मनातल्या मनात म्हटलं, पुन्हा एकदा म्हटलं, एप्रन काढून खुंटीला अडकवला आणि फाटकाबाहेर पडली. कुणाला विचारलं नाही. रंगनाथ सर ऑफिसच्या दारातच उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पाहुण्या बाईकडे पाहून हसतात तसे अदबीनं हसले.

७

नेवासा फाट्याला एसटी, नगरला दुसरी, आणि सुप्याला उतरली तेव्हा ऊन ऐन भरात होतं. जस्टिनची खोली चाळीत शेवटची. दाराला नुसती कडी होती.

आत आई भिंतीकडे तोंड करून निजली होती. अंगावर धुतलेलं पातळ, केस विंचरलेले, वेणीला लाल फीत. वासाचं नाव नाही. कृपानं पाठीवरचं कापड बाजूला केलं. जखम भरत आली होती. नवी कातडी गुलाबी, लहान मुलाच्या तळव्यासारखी. तिला हुंदका फुटला. एवढंच तर तिनं मागितलं होतं. पाठीशी आईच्याच जुन्या लुगड्याची वळकटी होती, पिळा दिलेली, टोक आत खोचलेलं.

“आई, मी आले.”

“कोन हाय?”

“मी. कृपा.”

“कृपा मगाशीच यिऊन गेली,” आई भिंतीला म्हणाली. “भाकर कुस्करून घातली मला.”

कृपानं आईचा गुडघा वाकवला आणि तिला आपल्याकडे वळवलं. आईचे डोळे स्वच्छ होते. ना ताप, ना भ्रम. तिनं कृपाचा चेहरा सावकाश पाहिला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि तिच्या नजरेत माया आली. अनोळखी माणसाबद्दल वाटते तेवढीच.

“लई दमल्याली दिसतीस गं पोरी. कुनाची तू?”

कृपाला सांगायचं होतं. ज्वारीचं रान सांगायचं होतं, पेंढीचा पिळा सांगायचा होता, आईनं पहिल्यांदा ‘जमलं की गं’ म्हणून पाठीवर मारलेली थाप सांगायची होती. पण यातलं जे जे सांगावं ते त्या दुसरीच्या हातांनी आईच्या पाठीशी आधीच नेऊन ठेवलेलं होतं. तिनं नुसते आपले हात पुढे केले. आईनं ते हातात घेतले, फिरवून पाहिले.

“तूबी नर्स व्हय? माजी कृपाबी नर्स हाय. आदी तिला सवड नव्हती. आता रोज येती. देवबापानं ऐकलं माजं.” आईनं समोरच्या खाटेकडे बोट केलं. “पड जरा तितं. कृपा येईल आता. ती बगंल तुजंबी.”

आईनं पड म्हटल्यावर कुठली मुलगी उभी राहील? कृपा खाटेवर आडवी झाली, आईकडे तोंड करून. फक्त आईला बघत पडायचं, डोळे मिटायचे नाहीत, असं तिनं ठरवलं. पण वर्षानुवर्षांची झोप साठली होती, आणि पापण्या तिच्या ताब्यात नव्हत्या.

कडी वाजली. मग फट्‌-फट्‌, फट्‌-फट्‌. सैल पट्ट्याची चप्पल.

डोळे उघडायचे होते. त्याआधीच कुणीतरी तिचा गुडघा वाकवला. आधी गुडघा, मग एक हात खांद्याला, एक कमरेला. हात ओळखीचे होते, आण्णा म्हणाले तसे. तिनं अंग ताठ करायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. पण कितीतरी वर्षांत त्या अंगाला कुणी असं जपून हात लावला नव्हता, आणि मागच्या खोलीतली माणसं सोडायची तसे तिनं हातपाय सैल सोडले. ती भिंतीकडे वळली. पाठीशी वळकटी आली. टोक आत खोचलं गेल्याचं तिला पाठीला कळलं. गाठ नव्हती, काही टोचलं नाही.

“आलीस व्हय कृपा?” मागून आईचा आवाज आला, आनंदलेला. “ही पोरगी बग गं कोन हाय. पार गळून गेलीय.”

“असू दे आई,” घोगरा, थकलेला आवाज म्हणाला. “हीसुद्धा आता माझ्याच ताब्यात.”

आई गीत गुणगुणू लागली. चपलांचा आवाज जाईल म्हणून कृपा ऐकत राहिली. तो गेला नाही. पाठीमागे कुणीतरी उभं होतं, अगदी जवळ, आणि समोर भिंतीचा रंग उडालेला पोपडा होता. दोन तास, तिनं मनाशी म्हटलं. दोन तासांनी कूस बदलतील, मग आई दिसेल. मग तिला आठवलं की मागे उभी असलेली ती सगळ्यांना एकाच कुशीला वळवते, भिंतीकडे.